समाजकार्यात कशासाठी यायचं, आणि कशाच्या बळावर टिकायचं

महापालिकेच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात सकाळी दहाच्या सुमारास समाजसेवा विभागाच्या दाराशी थांबून बघा. बाकावरच्या प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी असते आणि पिशवीत कागद: रेशनकार्ड, आधार, डॉक्टरांनी लिहून दिलेला खर्चाचा अंदाज, एखाद्याकडे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. आत टेबलामागे बसलेली सोशल वर्कर रडणाऱ्या बाईला आधी बसवते, पाणी देते आणि मग विचारते, "ताई, पेशंटचं नाव रेशनकार्डावर आहे का?" पुष्कळदा नसतं. लग्नानंतर माहेरच्या कार्डावरून नाव कमी झालेलं असतं आणि सासरच्या कार्डावर चढवायचं राहून गेलेलं असतं. मग पुढचा अर्धा तास रडणं बाजूला राहतं आणि शोधाशोध सुरू होते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का? नसेल बसत तर कोणत्या ट्रस्टकडे अर्ज करायचा? धर्मादाय रुग्णालयात खाट मिळेल का? (तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात.) पैसे मंजूर होईपर्यंत शस्त्रक्रिया थांबू शकते का, हे वॉर्डात जाऊन डॉक्टरांना कोण विचारणार?

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी हे टेबल आधी बघावं. मुलाखतीत "समाजकार्यच का?" असं विचारलं की दहातले नऊजण म्हणतात, "लोकांना मदत करायची आहे." ते खोटं नसतं, पण अपुरं असतं. मदत डॉक्टरही करतो आणि रिक्षावालाही करतो. या कामात माणूस ज्या कारणाने येतो, त्याच कारणावर तो दहा वर्षं टिकत नाही. आत आणणारं कारण वेगळं, टिकवणारं वेगळं. पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर झालं नाही की माणूस दोन-तीन वर्षांत थकतो किंवा कडवट होतो. म्हणून कारण किती उदात्त आहे यापेक्षा ते कुठे तुटतं हे माहीत असणं जास्त कामाचं.

एक भेद सुरुवातीलाच स्पष्ट करून घेऊ. मराठीत समाजसेवा आणि समाजकार्य हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. सेवा कुणीही करू शकतं, आणि ती करावीच. समाजकार्य हा शिकून करायचा व्यवसाय आहे. त्याला पद्धती आहेत, नोंदी आहेत, मर्यादा आहेत. मुंबईत सेवेकडून संघटित कामाकडे जाणारा प्रवास एकाच माणसाच्या आयुष्यात दिसतो. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावात रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने असं काम उभं केलं. १९२० मध्ये तेच आयटक या देशव्यापी कामगार संघटनेच्या स्थापनेत पुढे होते. पुढे १९३६ मध्ये नागपाड्यात सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचं पदव्युत्तर विद्यालय सुरू झालं. तीच आजची टीस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), १९५४ पासून देवनारला. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय सोशल वर्कर नेमला गेला, तो देशातला पहिला मानतात. १९५५ मध्ये निर्मला निकेतन हे समाजकार्य महाविद्यालय सुरू झालं. वकिलीला जशी बार कौन्सिलची सनद लागते तशी समाजकार्याला सरसकट लागत नाही, त्यामुळे 'समाजसेवक' कुणीही म्हणवून घेऊ शकतो. पण काही पदांना पक्की अट असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर म्हणजे एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झाल्यावर त्या खास शाखेतच एम.फिल. केलेली व्यक्ती. नुसत्या एमएसडब्ल्यूवर ते पद मिळेल असं समजून बसलेले विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

आता कारणांकडे येऊ. स्वयंसेवक कशासाठी काम करतात याचा अभ्यास क्लॅरी आणि स्नायडर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसोबत केला. १९९८ मध्ये त्यांनी सहा हेतू मांडले: आपली मूल्यं जगणं, जग समजून घेणं, आपल्या माणसांत राहणं, करिअर, स्वतःच्या मनातल्या अपराधभावापासून किंवा दुःखापासून सुटका, आणि स्वतःबद्दल बरं वाटणं. या सहांतला एकही लाजिरवाणा नाही. एका माणसात तीन-चार एकत्र असतातच. त्यांचा मुद्दा असा की ज्या हेतूने माणूस येतो तो हेतू पुरा होईल असं काम त्याला मिळालं, तर तो समाधानी राहतो. शिकायला आलेल्याला वर्षभर नुसते फॉर्म भरायला बसवलं तर तो जाणार, आणि त्यात त्याचा दोष नाही.

सर्वांत जास्त लोक येतात ते कळवळ्यापोटी. लोकलमध्ये वस्तू विकणारी सात वर्षांची मुलगी, सिग्नलवरचं बाळ, टाटा रुग्णालयासमोरच्या फुटपाथवर गावाहून येऊन राहिलेलं कुटुंब. बघून पोटात तुटतं. पण पोटात तुटण्याचे दोन प्रकार असतात आणि मानसशास्त्रात ते वेगळे मानतात. एकात लक्ष समोरच्या माणसावर असतं: याला काय होतंय, याला काय हवंय? दुसऱ्यात लक्ष स्वतःवर असतं: मला हे बघवत नाही, हे थांबायला हवं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक पुढे कळतो. ज्याला स्वतःची अस्वस्थता घालवायची असते तो सर्वांत जवळचा उपाय धरतो, आणि तो उपाय बहुधा पाकिटातून निघतो.

नवशिक्यांची पहिली चूक म्हणूनच पदरमोड. एखाद्या घरी आजारी मूल दिसतं, खिशातले पाचशे रुपये आईच्या हातावर ठेवले जातात. पुढच्या आठवड्यात ती बाई दार उघडत नाही, कारण तिला वाटतं पैसे परत मागायला आले. शेजारच्या चार घरांना मात्र कळलेलं असतं, ती चौघं वाट अडवतात. नाही म्हटलं तर "त्यांनाच का दिले?" हा प्रश्न, आणि त्याला उत्तर नसतं. सहा महिन्यांत बांधलेला विश्वास एका नोटेने विस्कटतो. म्हणून बऱ्याच संस्थांचा नियम साधा असतो: रोख द्यायची नाही. तातडीची गरज असेल तर संस्थेच्या निधीतून, पावती घेऊन, दोघांच्या सहीने.

दुसरी चूक याहून गंभीर. लहान मूल हळूच म्हणतं, "दीदी, एक सांगू? कुणाला सांगणार नाही ना?" कळवळ्याने तोंडून निघून जातं, "नाही सांगणार, शप्पथ." मग मूल लैंगिक अत्याचाराबद्दल बोलतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती मिळालेल्या कुणालाही ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. आता शप्पथ मोडावी लागते, आणि त्या मुलाला पुन्हा एकदा मोठ्या माणसाने फसवलेलं असतं. योग्य उत्तर आधीपासून घोकून ठेवावं लागतं: "तू सांग, मी ऐकते. तुला सुरक्षित ठेवायला आणखी एक-दोन मोठ्या माणसांना सांगावं लागलं तर ते मी तुला आधी सांगेन." एवढं एक वाक्य वेळेवर तोंडात यायला सराव लागतो. कळवळ्याला वळण लावणं म्हणजे हेच.

दुसरं मोठं कारण असतं स्वतःची जखम. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे खरंच आहे. बापाची दारू बघितलेली मुलगी व्यसनमुक्तीत, घरात मारहाण सोसलेली बाई महिलांच्या केसेसमध्ये, उपेक्षा भोगलेला तरुण मुलांच्या संस्थेत येतो. समोरच्याला न सांगता कळणारी माणसं हीच. आणि तुटतातही इथेच. घरगुती हिंसेच्या केसमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. मुंबईत १९८४ पासून पोलिस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष आहे, टीसने सुरू केलेला, आणि २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याने संरक्षण अधिकारी नेमले. समोरच्या बाईला पर्याय मांडून दाखवणं हे काम: घटनेचा अहवाल नोंदवता येतो, दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, घर नवऱ्याच्या किंवा सासूच्या नावावर असलं तरी त्याच घरात राहण्याचा हक्क मागता येतो. निवड तिची. पण जिने स्वतः घर सोडून सुटका करून घेतली आहे तिला वाटतं, हिनेही आज सोडावं. ती आग्रह धरते. बाई बाहेर पडते आणि तीन आठवड्यांत परत जाते, कारण मुलाची शाळा, गावाकडचे आई-बाप, भाड्याचं डिपॉझिट यांतलं काहीच ठरलेलं नव्हतं. मग सोशल वर्करला ते विश्वासघातासारखं लागतं आणि पुढच्या वेळी बाई आली की बोलण्यात गारठा येतो. अशी परत गेलेली बाई पुन्हा येते, आणि तेव्हा दार उघडं सापडलं पाहिजे. जखम असणं ही अडचण नाही. जखम अजून ओली असताना त्याच विषयाच्या केसेस घेणं ही आहे. एखाद-दोन वर्षं दुसऱ्या विषयात काम करून मग तिकडे वळणं हा शहाणपणाचा मार्ग.

तिसरं कारण मुंबईत, विशेषतः चेंबूर, गोवंडी, घाटकोपरच्या वस्त्यांमधून आणि मराठवाडा-विदर्भातून शिकायला आलेल्या मुला-मुलींत, फार खोल असतं: समाजाचं ऋण. बाबासाहेबांच्या विचारात वाढलेल्या घरांत हे पाळण्यातच कानावर पडतं. आपण शिकलो ते कुणाच्या तरी लढ्यामुळे, आता ते परत करायचं. कीर्तन आणि झाडू दोन्ही हातात घेणाऱ्या गाडगेबाबांच्या परंपरेतून आलेल्यांचंही तेच. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आजही कर्करोगाच्या रुग्णांना आसरा देते. आमच्या मते हे कारण सर्वांत टिकाऊ, कारण त्यात उपकाराची भाषाच नाही. शिवाय वस्तीतून आलेल्याला साध्या गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत: पाण्याच्या वेळेला मीटिंग ठेवायची नाही, रात्रपाळीच्या माणसाचं दार दुपारी वाजवायचं नाही, पोटमाळ्यावर कुणी झोपलंय का हे बघूनच नाजूक विषय काढायचा.

पण याचीही किंमत असते. ज्या गल्लीत राहायचं तिथेच काम केलं तर गुप्तता राखणं महाकठीण. एचआयव्हीची, गर्भपाताची, नवऱ्याच्या तुरुंगवासाची माहिती तुमच्याकडे आहे आणि तुमची आई त्याच घरातल्या बाईसोबत नळावर उभी असते. नातेवाइकांची अपेक्षा, "तुझ्या ओळखीने आपलं काम आधी करून दे." म्हणून राहती गल्ली टाळून शेजारच्या वॉर्डात काम मागावं. आणि घरातलं बोलणं वेगळंच: "एवढं शिकवलं ते घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला का?" पहिल्या पिढीतल्या पदवीधराला पगाराची विवंचना खरी असते. त्याने ती लपवू नये.

चौथं कारण राग. पाणी नाही, संडास नाही, पाडकाम झालं आणि पर्याय दिला नाही. हा राग असलेली माणसं वस्ती संघटनेत शोभतात. टीसमधूनच समाजकार्य शिकलेल्या मेधा पाटकर हे त्याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण. रागाला तुटायला लावतो तो वेळ. २००० नंतरच्या झोपड्यांनाही पाणी नाकारता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेत स्पष्ट केलं. सर्वांना पाणी हे धोरण महापालिकेने लागू केलं मे २०२२ मध्ये. मधली सात वर्षं अर्ज, आवक क्रमांक, पाठपुरावा, पुन्हा अर्ज. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचं तिकीट लावून ३० दिवस थांबायचं, उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. ज्याच्या रागाला ही फाइल सांभाळता येते तो टिकतो. घोषणा देऊन मोकळा होणारा पहिल्या पावसाळ्यातच निघून जातो, आणि वस्तीतल्या लोकांना पुढच्या कार्यकर्त्यावर विश्वास ठेवणं आणखी जड जातं.

करिअर म्हणून येणाऱ्यांकडे उगाच तिरक्या नजरेने बघितलं जातं. पदं आहेत: रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक, बाल न्याय यंत्रणेत परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), महापालिकेत समुदाय संघटक. १९४८ च्या कारखाने कायद्यानुसार ५०० किंवा जास्त कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी लागत असे (२०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली), आणि एमएसडब्ल्यू झालेली अनेक माणसं एचआरमध्ये दिसतात त्याचं एक मूळ तिथे आहे. कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागांतही जागा निघतात. कौतुकाची आस असलेल्यांनी मात्र दोनदा विचार करावा. इथे काम नीट झालं की काहीच 'घडत' नाही. टीबीचा रुग्ण सहा महिन्यांच्या गोळ्या पूर्ण करतो, मुलीचं लग्न अठराच्या आधी होत नाही, बाळ कमी वजनातून बाहेर येतं. फोटो काढण्यासारखं त्यात काही नसतं.

पैशाचं गणित एकदा समजून घेतलं की अर्धी निराशा टळते. संस्थेतली बहुतेक पदं प्रकल्पाला बांधलेली असतात. निधी संपला की पद संपतं, म्हणून करार वर्षाचा किंवा अकरा महिन्यांचा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर खर्चावे लागतात. कंपनीचा हिशेब मार्चला संपतो, म्हणून जानेवारी ते मार्च संस्थेत अहवालांची धांदल आणि एप्रिल-मेमध्ये पगार लांबण्याची भीती. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आधी मर्यादा ५० टक्के होती. हिशेबनीस, कार्यालयाचं भाडं, व्यवस्थापनाचे पगार यातच बसवायचे. पगार कमी असतो तो नेहमी संस्थाचालकाच्या कंजूषपणामुळे नव्हे, हे त्यातून कळतं. पण "सेवेला आलात ना, मग पगाराचं काय बोलता" असं कुणी म्हणालं तर ते ऐकून घ्यायचं कारण नाही.

मग टिकवतं काय? एखादं मोठं तत्त्व नाही, तर हातात येणारं कसब. एक उदाहरण घेऊ. गोवंडीच्या शिवाजीनगरमध्ये मुलांच्या दंडाचा घेर मोजायची पट्टी घेऊन कार्यकर्ती फिरते. वय सहा महिने ते पाच वर्षं. डावा हात, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध पट्टी. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ पिवळा, वर हिरवा. ऐकायला दोन मिनिटांचं काम. प्रत्यक्षात मूल हात आखडतं, पट्टी घट्ट ओढली जाते, अर्धा सेंटिमीटर इकडचं तिकडे होतं आणि पिवळं मूल लाल ठरतं. किंवा उलट, सैल पट्टीने लाल मूल पिवळं ठरतं आणि सुटून जातं. हात मोकळा लोंबू द्यायचा, पट्टी कातडीला टेकेल पण रुतणार नाही इतपतच, शंका आली तर पुन्हा मोजायचं. लाल निघालं की खरी कसोटी. पोषण पुनर्वसन केंद्रात आईला मुलासोबत साधारण दोन आठवडे राहावं लागतं. घरी आणखी दोन मुलं, हातात जरीच्या कामाची ऑर्डर. "तुम्हाला मुलाची काळजी नाही का?" असं विचारणारी कार्यकर्ती तिथेच हरते. "ऑर्डर कधी द्यायची आहे? बहीण जवळपास राहते का?" असं विचारणारी पुढे जाते. हा दुसरा प्रश्न सुचायला लागला की कामात गोडी येते. ती गोडी आलेली माणसं सोडून जात नाहीत.

थकवा येणारच. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये मोजमाप देऊन त्याच्या तीन बाजू दाखवल्या: मनाने रिकामं होणं, समोरच्या माणसाला वस्तूसारखं वागवू लागणं, आणि आपल्या हातून काहीच होत नाही असं वाटणं. दुसरी बाजू पहिल्यांदा बोलण्यातून ओळखू येते. "ती धारावीची केस" असं म्हणता म्हणता त्या बाईचं नावच आठवेनासं झालं, की समजावं. उपाय सुट्टीपेक्षा सुपरव्हिजन: आठवड्यातून तासभर, अनुभवी माणसासोबत, अवघड केसवर बोलायचं. आकडे किती झाले हे विचारायची बैठक म्हणजे सुपरव्हिजन नव्हे.

एमएसडब्ल्यूची दोन वर्षं आणि फी घालण्याआधी स्वतःला तपासायचा साधा मार्ग आहे. जवळच्या एका संस्थेत सलग तीन महिने, आठवड्यातला एकच ठरलेला दिवस, चुकवायचा नाही. एक दिवसाची वृक्षलागवड किंवा दिवाळीतलं कपडेवाटप यात मोजू नका, त्यातून काहीच कळत नाही. कॉलेजात असाल तर एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) दोन वर्षांतले २४० तास आहेत, त्यांतले होतील तेवढे एकाच वस्तीत घाला. दर वेळी घरी येऊन तीन ओळी लिहा: आज काय केलं, काय खटकलं, पुढच्या वेळी काय वेगळं करणार. बाराव्या आठवड्यात वही उघडा. नोंदींत स्वतःच्या भावनाच जास्त असतील तर थोडं थांबलेलं बरं. वस्तीतल्या माणसांची नावं, अडलेले कागद, पुढच्या भेटीची तारीख असं वाढत गेलं असेल तर अर्ज भरा. अभ्यासक्रमातही हेच असतं, साधारण आठवड्याला दोन दिवस फील्डवर्क आणि प्रत्येक भेटीचा लेखी अहवाल.

पहिली नोकरी घेताना संस्थेलाही प्रश्न विचारायचे असतात. एका कार्यकर्त्याकडे किती केसेस किंवा किती घरं? गृहभेटीला दोघं जातात की एकटीला पाठवतात? संध्याकाळी सातनंतर फोन उचलायची अपेक्षा आहे का? सुपरव्हायजर कोण आणि आठवड्यातला कोणता वार? हा निधी कोणत्या महिन्यात संपतो? आणि या जागेवर याआधी कोण होतं, किती दिवस होतं? शक्य झालं तर त्या व्यक्तीचा नंबर मागून तिच्याशी अर्धा तास बोलून घ्या.